वाडीचं पाणी आणि परसातली भाजी: प्रकल्प नोंदी, अकोले तालुका

१४ मे २०२४

मतदान कालच उरकलं म्हणून आज आमच्या महिला गटातल्या सगळ्याजणी एकत्र सापडल्या. ठरलं असं की यंदा पावसाआधी वाडीत घरटी परसबाग करायची, शेवगा, माठ, चवळी, घेवडा, भोपळा, म्हणजे लेकरांच्या आणि गरोदर बायांच्या ताटात रोज काहीतरी हिरवं पडेल. मी गटाची सचिव, म्हणून नोंदी माझ्याकडे. इथेच लिहीत जाते, दुसऱ्या कुठल्या गावाला करायचं असेल तर उपयोगी पडतील.

पण अंगणवाडीच्या सेविकाताईंनी वजनाचं रजिस्टर उघडलं आणि चर्चा तिथेच फिरली. त्या म्हणाल्या, बघा, उन्हाळ्यात ज्यांची वजनं बरी होती तीच पोरं गेल्या जुलै-ऑगस्टात खाली आली आणि जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे जुलाब लिहिलेत. खायला कमी पडलं असं नाही, खाल्लेलं अंगाला लागलं नाही. मला हे फार पटलं. महिनाभर पौष्टिक खाऊ घालायचं आणि आठवड्याच्या जुलाबात सगळं वाहून जाऊ द्यायचं, याला काय अर्थ आहे. म्हणून आता काम दोन्हीकडून, आधी पाणी आणि सोबत परसबाग.

वाडीला पाणी तीन ठिकाणचं: खालची सार्वजनिक विहीर, शाळेजवळचा हापसा आणि वरच्या अंगाचा झरा. हापसा सध्या कोरडा, झऱ्याची धार करंगळीएवढी.

२१ मे

विहीर मोजली. जलसुरक्षक दादा (गावच्या पाण्याची काळजी घेणारे), आशाताई आणि मी. आत्तापर्यंत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकायचं म्हणजे मूठभर पावडर वरून भिरकावायची अशीच पद्धत, किती पाण्याला किती पावडर हे कोणी बघत नव्हतं. हिशोब अवघड नाहीये. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, आणि आलेल्या आकड्याला १००० नी गुणलं की लिटर मिळतात. आपल्या विहिरीचा व्यास ४ मीटर आणि आज पाणी जेमतेम १ मीटर, म्हणजे १२,५६० लिटर. १००० लिटरला ५ ग्रॅम धरले तर ६३ ग्रॅम पावडर पुरते. आता हीच विहीर जुलैत ५ मीटर भरली की पाणी होतं ६२,८०० लिटर आणि पावडर लागते ३१४ ग्रॅम! म्हणजे तीच मूठ उन्हाळ्यात जास्त होते (मग बाया म्हणतात पाण्याला औषधाचा वास येतो) आणि नेमकी भर पावसात, जेव्हा खरी गरज, तेव्हा अजिबात पुरत नाही.

दादांनी विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने तक्ताच लिहून टाकला, पाणी १ मीटर, २ मीटर असं करत ५ मीटरपर्यंत, समोर किती ग्रॅम. दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारल्या.

पावडर पण बघितली. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं आणि उरतो नुसता चुना. आपलं पोतं तोंड उघडं टाकून कोपऱ्यात पडलेलं. ते बाजूला काढलं, नवीन मागवलंय, ते झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये अंधाऱ्या कोरड्या जागी राहील.

२ जून

बियाणं गोळा केलं. बाजारात जायची गरजच पडली नाही. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बी जपून देशाला दाखवलं, २०२० ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून इकडच्या म्हाताऱ्या बायांना आपल्या गाडग्यातल्या बियांची किंमत कळलीय, विचारलं की अभिमानाने काढून दाखवतात. घेवड्याचे किती प्रकार निघाले! राखेत घोळून ठेवलेलं बी, एकालाही कीड नाही. चवळी, लाल माठ, अंबाडी, दुधी, काशीफळ भोपळा, दोडका मिळाले. शेवग्याच्या मनगटाएवढ्या फांद्या दोन घरांनी द्यायचं कबूल केलंय, पहिल्या पावसात खोचल्या की लागतात.

शेवग्याबद्दल थोडं लिहिते कारण बऱ्याच जणी शेंगा खातात आणि पाला शेळीला घालतात. पाल्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलीग्रामच्या वर कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात साधारण १२०. आणि आपली नागली (नाचणी) तर साडेतीनशेच्या आसपास. दूध विकत घ्यायला परवडत नाही म्हणून हळहळणाऱ्या घरात ही दोन्ही आहेत.

११ जून

पाऊस सुरू झालाय. आज दिवसभर विहिरीच्या ओट्याचं काम. भांडी-कपड्यांचं सांडपाणी ओट्याशेजारीच साचायचं, तिथे म्हशी बसायच्या आणि तेच पाणी झिरपून परत विहिरीत. तर ओट्याला उतार देऊन चर काढला, चराच्या तोंडाशी दगड-विटांचे तुकडे आणि वाळू भरलेला शोषखड्डा, आणि त्याच्या पलीकडे केळी, अळू, पपई लावली. विहिरीपासून जेवढं लांब नेता आलं तेवढं नेलं आणि तेही उताराच्या बाजूला. सांडपाण्याच्या जागी कच्ची खायची भाजी (कोथिंबीर, मुळा, मेथी) लावायची नाही, हे सगळ्यांना परत परत सांगितलंय, तिथे जे शिजवून किंवा सोलून खातो तेच.

कोणीतरी शेवळं आणली होती वरच्या रानातून, पहिल्या पावसाचीच भाजी ती. चिंचेचं पाणी घालून केली नाही तर घसा असा खाजतो की विचारू नका.

२७ जून

विहिरीचं पाणी गढूळ. आज टीसीएल टाकताना मी पूर्ण वेळ थांबले, कसं करायचं ते नीट लिहून ठेवते. पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, मग बादली पाऊणएक भरून ढवळायची आणि पाच-दहा मिनिटं ठेवायची. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने विहिरीत सोडायची आणि खालीवर जोरात हिसडायची म्हणजे सगळीकडे मिसळतं. खालचा चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही. हे सगळं संध्याकाळी, बायांचं पाणी भरून झाल्यावर. निदान एक तास तरी पाणी उपसायचं नाही.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायचं. नळीत पाणी घेतलं, दादांनी थेंब टाकले आणि लगेच पिवळं झालं, लगेच म्हणजे दहा सेकंदांच्या आत बघायचं, नंतर रंग वाढतो तो धरायचा नाही. घरातल्या हंड्यातलं पाणीसुद्धा तपासायचं, कारण लिटरला निदान ०.२ मिलीग्राम क्लोरीन पिणाऱ्याच्या भांड्यापर्यंत उरायला पायजे. दोन घरांत पिवळं झालं, तिसऱ्या घरात नाही. त्या वहिनींनी सकाळीच झऱ्याचं आणलेलं. त्यांचं म्हणणं, विहिरीचं पाणी लालसर दिसतं आणि वास येतो, झऱ्याचं कसं काचेसारखं.

वाद घातला नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवतात, त्यातली मी एक, माझ्याकडे एचटूएसच्या बाटल्या होत्या (पाण्यात जंतू आहेत का ते रंगावरून दाखवणाऱ्या). एक झऱ्याच्या पाण्याने भरली, एक विहिरीच्या, वहिनींच्याच हाताने, आणि त्यांच्याच घरात चुलीपासून हातभर अंतरावर फळीवर ठेवल्या. इकडे पावसात गारठा इतका की बाटल्या उबेला ठेवल्याशिवाय निकाल नीट येत नाही.

२९ जून

झऱ्याची बाटली काळीकुट्ट. विहिरीची होती तशी. वहिनींनीच शेजारणींना बोलावून दाखवली. काळं होणं म्हणजे त्या पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत, झऱ्याच्या वर गुरं चरतात आणि माणसंही जातात, पावसात ते सगळं खाली येणारच. डोळ्याला स्वच्छ दिसणं वेगळं. बाटलीत नंतर टीसीएलचं पाणी ओतून, तासभर ठेवून मग खड्ड्यात रिकामी केली, ती तशीच फेकायची नाही.

गढूळ पाण्याचं पण ठरवलं: आधी तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, वरचं पाणी जुन्या सुती लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळायचं, आणि मग उकळायचं किंवा क्लोरीनचे थेंब. तुरटीने गाळ बसतो पण जंतू मरत नाहीत, हे ठासून सांगावं लागतं. उकळायचं असेल तर खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट.

गाळण्याची गोष्ट निघाली तशी एक आजी म्हणाल्या, आमच्या वेळी नारूच्या (पाण्यातून अंगात जाणाऱ्या जंताच्या) भीतीने गाळायचो. खरंच आहे. नारूचा शेवटचा रुग्ण देशात १९९६ ला सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, आणि त्यात या साध्या कापडाचा मोठा वाटा आहे. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात जुन्या साडीची घडी करून पाणी गाळायला लावलं तर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, २००३ ला तो अभ्यास छापून आला. आपल्या आज्यांना ही सवय आधीपासून होती, नारू गेला आणि सवयही गेली. ती परत आणायचीय.

१७ जुलै

आषाढी. थोडक्यातच. वाडीत वरई पिकते आणि उपासाला दुकानातून साबुदाणा येतो. साबुदाण्यात पिठूळ सत्त्व सोडून काही नाही, भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली तर पोटालाही धरते. फक्त भगरीचं तयार पीठ आणू नका, पावसाळी हवेत ओल धरून बुरशी येते आणि विषबाधा होते, दाणे निवडून धुऊन घरीच दळलेलं बरं.

२४ जुलै

आज आशाताईंबरोबर गृहभेटी. एका घरी तीन महिन्यांचं बाळ, आजी उंबऱ्याशी सहाण घेऊन बसलेल्या, शेजारी वाटीत वेखंड, हिरडा, मायफळ, मुरुडशेंग, हळकुंड. एकेक घेऊन सहाणेवर दोन-दोन वेढे उगाळत होत्या आणि पाणी घेत होत्या ते पितळी तांब्यातलं. मी विचारलं, आजी हे पाणी कुठलं. म्हणाल्या, रोजचंच, झऱ्याचं.

आशाताईंनी शांतपणे सांगितलं, आजी, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा नको. आजी म्हणाल्या, "अगं पोरी, माझी लेकरं याच गुटीवर वाढली." त्यांचं प्रेम खोटं नाही आणि हिरडा काय चीज आहे हे आम्हाला कोणी शिकवायला नको, सगळा तालुका बाळहिरडा वेचून विकतो. पण तीन महिन्यांच्या पोटात झऱ्याचं कच्चं पाणी रोज चमचाभर जात होतं आणि त्या बाळाला महिन्यात दुसऱ्यांदा हगवण लागलेली. आशाताईंनी तेवढंच दाखवलं, आजी, औषध सोडा, त्याच्याबरोबर काय जातंय ते बघा. एचटूएसच्या काळ्या बाटलीचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता तो पण दाखवला. आजींनी बराच वेळ बघितला आणि सहाण उचलून आत ठेवली. आम्ही परत सोमवारी जाणार आहोत, सून एकटी पडायला नको.

जुलाबाला काय द्यायचं हे या घरात आणि पुढच्या सगळ्या घरांत करून दाखवलं. ओआरएसचं पाकीट असेल तर ते त्याच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर धोका, म्हणून चमचा बोटाने सपाट करून दाखवला. केलेलं पाणी २४ तासांच्या आत संपवायचं. बरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साखर-मिठाचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, रक्त पडलं तर मात्र घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना.

१० ऑगस्ट

रानभाज्यांचा दिवस काल ९ तारखेला ठेवायचा होता, आदिवासी दिनाला, सगळीकडे तेव्हाच असतो. पण यंदा त्याच दिवशी नागपंचमी आली आणि पंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून काल फक्त ओळख केली, पोरांना घेऊन रानात, आणि चिरणं-शिजवणं आज.

कुर्डू, भारंगी, करटोली, चाईचा मोहर, तेरा (रानातलं अळू), थोडा टाकळा (निबर झालाय आता). भारंगीचा कडूपणा उकडून पाणी पिळून काढतात, तेऱ्याला आंबट लागतंच. पोरांना एकच नियम लावून दिला, जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय तोडायचं नाही, अळिंबीच्या बाबतीत तर नाहीच नाही. भाज्या क्लोरीनच्या पाण्यात धुतल्या, आधी माती जाईपर्यंत साध्या पाण्याने, मग त्याने.

सगळ्यात चांगली जमली ती अंबाडी, परसबागेतलीच, लोखंडी कढईत कण्या घालून. आंबट भाजी लोखंडात शिजली की थोडं लोह भाजीत उतरतं, पण करून लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. वर खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि नागलीची भाकर. पोरांनी भारंगीला नाकं मुरडली आणि करटोल्यांवर तुटून पडली.

३ सप्टेंबर

आज रक्त तपासणी. काल पोळा झाला, सगळ्या घरी होत्या, म्हणून आजचा दिवस धरला. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि इतर बायांचं १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. आकडे सांगत नाही, ज्याचे त्याला सांगितले. राज्याचं बघितलं तर २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांना आणि ५ वर्षांखालच्या ६८.९ टक्के लेकरांना रक्तक्षय निघाला होता, मग आपली वाडी काय वेगळी असणार.

मला आज खटकलं ते चहाचं. जवळजवळ सगळ्याजणी जेवल्यावर लगेच कोरा चहा घेतात, आणि लोहाची गोळीसुद्धा काही जणी चहाबरोबरच! चहामुळे पालेभाजीतलं आणि गोळीतलं लोह अंगी लागत नाही. चहा बंद करा असं मी म्हणणार नाही, शेतावर राबणाऱ्या बाईचा तेवढाच विसावा असतो. जेवण आणि चहात तासभर अंतर ठेवा, भाजीवर लिंबू पिळा, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका. मधल्या वेळेला परसातला गवती चहा, आलं, तुळस घालून, दूध-पावडर काही नको. ज्यांचं फारच कमी निघालं त्यांना भाजीपाल्यावर सोडलेलं नाही, ७ च्या खाली म्हणजे दवाखान्यातच.

गुळवेलीचा काढा रोज प्यावा का असं दोघींनी विचारलं. मी नको म्हणाले. कोरोनानंतर मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल रोज घेणाऱ्या काही जणांना लिव्हरला इजा झाल्याचं २०२१ ला मांडलं. झाडपाला म्हणजे काही त्रास नाही असं समजू नये. सर्दीला आलं-तुळस ठीक आहे, महिनोन्‌महिने कसलाच काढा नको.

२२ सप्टेंबर

नागली सत्त्व. नवीन नागली अजून शेतात उभी आहे, गेल्या वर्षीचीच काढली. रात्रभर भिजवली (उकळून गार केलेल्या पाण्यात), सुती फडक्यात बांधून टांगली, मोड आले, सावलीत खडखडीत वाळवली, मंद भाजली आणि दळली. मोड आणल्याने लोह-कॅल्शियम जास्त अंगी लागतं हे बऱ्याच जणींना माहीत असतं. दुसरा फायदा मला इथे प्रत्यक्ष दिसला. साध्या पिठाची लापशी घट्ट गोळा होते, मग आई पाणी ओतत जाते आणि बाळाचं पोट पाण्यानेच भरतं. मोडाच्या पिठाची तेवढीच लापशी सैल राहते, त्यामुळे वाटीत पीठ जास्त घालता येतं. सेविकाताईंनी दोन्ही शेजारी शेजारी शिजवून चमच्याने ओतून दाखवल्या, एक थाडकन पडली आणि एक वाहिली. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला ही, वर चमचाभर तेल किंवा तूप, थोडा गूळ.

जुलैतल्या त्या घरची सून आली होती. बाळ बरं आहे. सहाण परत बाहेर आलेली नाही असं तीच म्हणाली.

१९ ऑक्टोबर

सेविकाताईंबरोबर रजिस्टर बघितलं. विहिरीच्या पाण्याची घरं आणि वरच्या आळीची घरं यांत फरक स्पष्ट आहे, खालच्या बाजूच्या पोरांची वजनं पावसात टिकली, वरच्या आळीत दोन-तीन लेकरं परत घसरली. परसबागा दोन्हीकडे सारख्याच चांगल्या आल्यात, शेवगा पुरुषभर उंच झालाय, म्हणजे फरक भाजीचा नाही. वरच्या बायांना विहिरीपर्यंत उतरून भरला हंडा चढवायचा म्हणजे जीव जातो, म्हणून त्या झऱ्यावरच जातात, आणि रोज उकळायचं तर सरपण कुठून आणायचं. त्यांना दोष देऊन काहीच होणार नाही, झराच नीट करायला पायजे.

त्यासाठी: झऱ्याच्या तोंडाशी बंदिस्त कुंडी, वरून झाकण, पाणी पाइपने बाहेर, वरच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारा चर आणि गुरं येऊ नयेत म्हणून कुंपण. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१ ते २६) ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो, त्यातून हे काम बसतं. पण विधानसभेची आचारसंहिता लागलीय, त्यामुळे २० नोव्हेंबरचं मतदान आणि निकाल उरकल्यावरच नवीन काम मंजूर होईल. तोवर दर रविवारी झऱ्याची धार मोजायची, १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचं, म्हणजे कुंडी केवढी लागेल ते आकड्यात सांगता येईल. वरच्या आळीतल्या दोघींनी वही घेतलीय. टीसीएलचा ड्रम अर्धा संपलाय, दादांना सांगायचंय.